आमची पाटी चुकली होती

'विचारा तर खरं' या सदरात या वेळी सगळी पत्रं एकाच विषयावरची घेतली आहेत. १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन, १९७७ पासून जगभर पाळतात. त्या निमित्ताने मागच्या अंकात मी चार ओळी लिहिल्या होत्या : "संग्रहालयाचं निम्मं काम फाटकाच्या बाहेर असतं." एवढ्यावरून पत्रं आली. कुणाला ते पटलं, कुणाला मुळीच पटलं नाही, आणि एका बाईंनी तर थेट मदत मागितली. माझी ओळख नव्या वाचकांसाठी एका वाक्यात : एका जिल्ह्याच्या गावी, छोट्या वस्तुसंग्रहालयात एकतीस वर्षं नोकरी केली, शेवटची अकरा वर्षं अभिरक्षक (क्युरेटर) होते, आता गुडघे आणि हे सदर सांभाळते.

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. पट बावीस. मुलांना मुंबईचं म्युझियम दाखवायचं तर गाडीभाडंच परवडत नाही. पालक ऊसतोडीला जाणारे. तुम्ही लिहिलंत की संग्रहालय बाहेर येतं. आमच्या वाडीपर्यंत येईल का? – खटाव तालुका, जि. सातारा

येतं, पण कुठवर येईल ते तुमच्या रस्त्यावर अवलंबून आहे.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली 'म्युझियम ऑन व्हील्स' नावाची बस सुरू केली. आत काचेची कपाटं, प्रतिकृती, पडदे, आणि सोबत समजावून सांगणारी माणसं. ही बस शाळेच्या पटांगणात येऊन उभी राहते. विज्ञानाचं म्हणाल तर ही कल्पना आपल्याकडे बरीच जुनी आहे. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालयाने १९६५ मध्येच फिरतं विज्ञान प्रदर्शन गाडीवर चढवून शाळांकडे धाडलं होतं. आपल्या वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ सालचं, त्यांच्याही अशा गाड्या फिरतात. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र लिहा. आसपासच्या चार-पाच शाळा मिळून लिहा, कारण बावीस मुलांसाठी एवढी गाडी वळवणं कुणालाही जड जातं. पत्रात पटसंख्या, रस्ता डांबरी आहे का, पटांगणात मोठी गाडी वळेल का आणि वीज किती वाजता जाते, एवढं न विसरता लिहा. शेवटची गोष्ट गंमत म्हणून सांगत नाहीये.

पण खरं सांगू का? बस आली तरी ती एक दिवस राहते. मुलं रांगेने चढतात, दहा मिनिटांत मागच्या दाराने उतरतात, आणि त्यातल्या निम्म्यांच्या लक्षात राहतो तो एसी. कुठल्याही फिरत्या प्रदर्शनाची ही अडचण असते. म्हणून मला बसपेक्षा पेटी जास्त आवडते. पेटीचं सविस्तर सांगते.

आमच्या संग्रहालयाकडे बस कुठून असणार! होती ती पत्र्याची ट्रंक, हिरव्या रंगाची, कडी मोडलेली, सुतळीने बांधलेली. २००६ सालच्या जूनमध्ये ती घेऊन मी एसटीने एका वाडीवरच्या शाळेत गेले. आत नाण्यांच्या प्रतिकृती, खापराचे तुकडे, बोरू आणि दौत, पाय घासायची वजरी, धान्य मोजायचं मापटं आणि चिपटं, आणि एक लाकडी वस्तू. वाडग्यासारखी खोलगट, तळाला तीन भोकं. संग्रहालयात तिच्याखाली पाटी होती : 'लाकडी पात्र, तीन छिद्रे. धार्मिक विधीसाठी वापरले जात असावे.' पाटी माझ्या आधीच्या काळातली. मीही ती अकरा वर्षं रोज वाचत होते आणि मला कधी काही खटकलं नव्हतं. मी वाढले तालुक्याच्या पेठेत, वाणसामानाच्या दुकानावर. शेत पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून.

मुलांना मी ती वस्तू दाखवली, पाटीवरचं वाचून सांगितलं. दाराशी खिचडी शिजवणाऱ्या मावशी हात पुसत उभ्या होत्या. त्या आधी हसल्या, मग तोंडाला पदर लावून हसल्या, आणि मग आत आल्या.

"अवो बाई, ह्ये चाडं हाय! भोकं मोजा की. तीन. तिफणीचं चाडं."

तिफण म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार, आणि चाडं म्हणजे त्यात बी सोडायचं पात्र. मावशींनी ते माझ्या हातातून घेतलं, एका मुलाला उभं करून त्याच्या दोन्ही हातांत धरायला लावलं आणि खिचडीच्या डब्यातले मूठभर तांदूळ घेऊन मूठ चाड्यावर धरली. बोटं जेमतेम हलत होती, पण तांदूळ तिन्ही भोकांत सारखा पडत होता. मुलांनी खाली तीन ओंजळी धरल्या. मोजले तर तिन्ही ओंजळींत दोन-चार दाण्यांचा फरक. "मूठ ढिली पडली की दाट पडतंय," त्या म्हणाल्या, "आवळली की तास रिकामं जातंय. मग आखाडात समद्या गावाला कळतंय कुणाची मूठ हुती."

चाड्यावर मूठ धरणं हा शब्दप्रयोग मी मराठीच्या पुस्तकात वाचला होता. कपाटातल्या वस्तूशी त्याचा संबंध आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आणि आमच्या पाटीचा घोळ कसा झाला तेही मावशींनीच सोडवलं. चाड्याच्या कडेला लाल-पिवळा थर होता. कुणीतरी तो पाहून 'धार्मिक विधी' लिहून टाकलं. पेरणीच्या पहिल्या दिवशी तिफणीला आणि चाड्याला हळदकुंकू लावतात, त्याचा तो थर. म्हणजे पाटी साफ खोटी नव्हती, पण उलटी होती. पूजा करायची म्हणून चाडं नव्हतं, चाडं होतं म्हणून पूजा होती.

परत आल्यावर मी पाटी बदलली. वरिष्ठांनी विचारलं, आधार काय? मी लिहिलं : 'वापरकर्त्याची माहिती'. दोन महिने फाइल फिरली.

तेव्हापासून पेटीचे माझे दोन-तीन रिवाज ठरले, ते तुम्हाला देते. वस्तू सहा-सात, जास्त नको. एकीलाही पाटी नको. पहिल्या दिवशी मुलांनी फक्त हाताळायचं, वास घ्यायचा, चित्र काढायचं. रात्री घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचं. म्हणून पेटी शाळेत आठवडाभर राहिली पाहिजे. त्यातली उत्तरं एका शंभर पानी वहीत, सांगणाऱ्याच्या बोलीत, जशीच्या तशी. 'तिफण' लिहायचं की 'पाभर' यावर भांडण झालं तर दोन्ही लिहायचं, कुठल्या वाडीत काय म्हणतात त्यासकट. तुमच्या शाळेला पेटी कुणी पाठवलीच पाहिजे असं नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतही कोयता असतो, त्याची मूठ कुणी बनवली, कशी झिजली, हे मुलांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आणि बाई, एक राहिलंच. तुमच्याच तालुक्यात औंध आहे! यमाईच्या डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलं. रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं आई-मुलाचं शिल्पही. एवढा मोठा ऐवज राजाने मुंबई-पुण्यात न नेता डोंगरावर ठेवला, यमाईला येणाऱ्या माणसाच्या वाटेवर. मुंबईची बस येईल तेव्हा येईल. आधी एक दिवस भाकरी बांधून औंधला जाऊन या.

प्रश्न : संग्रहालयाचं काम वस्तू जपणं. शाळेत जाणं, वृद्धाश्रमात जाणं, वस्तीत शिबिरं घेणं ही समाजकल्याण खात्याची कामं आहेत. मी गावोगावची संग्रहालयं पाहिली आहेत. पंखे बंद, ट्यूबलाइट फडफडते, तलवारींना गंज, आणि दारात 'जनजागृती सप्ताहा'चा फलक. आधी घर नीट करा, मग बाहेर जा. – निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली

तुमचं निम्मं पत्र मी सही करून पाठवलं असतं.

आमच्याकडेही एका पावसाळ्यात शस्त्रदालनाचं छत गळत होतं. छतासाठी पैसे मागितले, आले नाहीत. त्याच वर्षी वरून 'लोकसंपर्क उपक्रमा'साठी पैसे आले, पण ते फलक, टोप्या आणि चहापाण्यावरच खर्चायचे, अशी अट. आम्ही सत्तर टोप्या छापल्या. त्यातल्या काही टोप्या मी गळणाऱ्या पाण्याखाली ठेवलेल्या बादल्यांत पाहिल्या आहेत, शिपायाने पाणी उडू नये म्हणून टाकलेल्या. तेव्हा दिखाऊ लोकसंपर्काचा मला तुमच्याइतकाच राग आहे.

पण 'बाहेर जाणं हे संग्रहालयाचं कामच नाही', हे मला मान्य नाही. एक उदाहरण देते, आपल्याकडचं नाही, पण मला फार आवडतं. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात अ‍ॅनाकोस्टिया नावाचा भाग आहे, कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांची वस्ती. स्मिथसोनियन या संग्रहालयं चालवणाऱ्या बलाढ्य संस्थेच्या मोठमोठ्या इमारती त्याच शहरात, पण या वस्तीतली माणसं तिकडे फिरकत नसत. म्हणून १९६७ मध्ये स्मिथसोनियनने वस्तीतल्या एका बंद पडलेल्या सिनेमा थिएटरात छोटं संग्रहालय उघडलं. प्रमुख म्हणून जॉन किनार्ड या तरुणाला नेमलं. तो संग्रहालयशास्त्र शिकलेला नव्हता, वस्तीत काम करणारा होता. तिथल्या मुलांशी बोलताना कळलं की त्यांचा सर्वांत मोठा प्रश्न म्हणजे उंदीर. घरात उंदीर, शाळेत उंदीर, झोपेत चावणारे उंदीर. १९६९ साली त्या संग्रहालयाने उंदरांचं प्रदर्शन भरवलं. जिवंत उंदीर ठेवले! उंदीर माणसाबरोबर कसा आला, कशावर जगतो, रोग कसे पसरवतो, कचरा उचलला नाही तर काय होतं, असं सगळं.

तुम्ही म्हणाल, हे तर आरोग्य खात्याचं काम. पण आरोग्य खातं औषध टाकून गेलं असतं. उंदराचा इतिहास सांगणं, मानवी वस्तीशी त्याचं नातं उलगडून दाखवणं, हे कुठलं खातं करतं? ते संग्रहालयाचंच काम, फक्त विषय वस्तीने निवडलेला.

तुम्हाला कागदावरचं हवं असेल तर तेही आहे. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग शहरात संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली. जमवणं, जपणं, अभ्यासणं, मांडणं हे सगळं तिच्यात आहेच, पण 'समाजाच्या सेवेत' आणि 'समाजाच्या सहभागाने' हेही आहे. सहभाग हा शब्द महत्त्वाचा. आम्ही जातो, सांगतो, परत येतो, त्याला सहभाग म्हणत नाहीत.

आणि मुंबईच्या ज्या संग्रहालयाची बस मी वर सांगितली, त्याची इमारत १९१४ मध्ये उभी राहिली. पण लोकांना ते संग्रहालय म्हणून पाहायला मिळालं १९२२ साली. मधल्या काळात, पहिल्या महायुद्धात, तिथे लष्करी रुग्णालय होतं. त्या घुमटाखाली खाटा आल्या त्या कपाटांच्या आधी.

गंजलेल्या तलवारींबद्दल मात्र तुम्ही जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहाच. बाहेरच्या माणसाचं पत्र आलं की आतल्या माणसाची फाइल हलते, हा स्वानुभव.

प्रश्न : शेतात विहिरीचं काम चालू असताना मडकं निघालं. आत नाणी आहेत, हिरवी पडलेली, दीडएकशे असतील. मुलगा म्हणतो सोनाराला दाखवू. मालक म्हणतात पुरून टाका, सरकार जमीन घेईल. मला वाटतं संग्रहालयाला द्यावीत, पण ते आमचं ऐकून तरी घेतील का? – एक भगिनी, कळंब तालुका, जि. धाराशिव

ताई, सगळ्यात आधी : नाणी धुऊ नका. चिंच नको, राख नको, लिंबू नको, भांड्याची पावडर तर मुळीच नको. तो हिरवा थर काढायला गेलात तर खालची अक्षरं त्याच्याबरोबर जातात. मडकं फुटलं असेल तर खापरं टाकू नका. जिथे निघालं त्या जागेचा फोटो काढा, शेजारी पाण्याची बाटली किंवा टिकाव ठेवून, म्हणजे मापाचा अंदाज येतो. किती हात खोल होतं तेही लिहून ठेवा.

आता कायदा. १८७८ सालचा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं : काय सापडलं, अंदाजे किती मोलाचं, कुठे, कोणत्या तारखेला. कळवलं नाही तर आपला वाटा तर जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. म्हणून पुरून टाकू नका आणि सोनाराकडेही नेऊ नका. तहसील कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. पोचेशिवाय उंबरा ओलांडू नका.

मुलाला हेही सांगा : जुना मालक कुणी पुढे आला नाही, तर याच कायद्यात सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटा ठरलेला आहे. दोघे वेगळे असतील आणि आपसांत काही ठरलेलं नसेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, चौथा जागेच्या मालकाचा. सरकारने नाणी ठेवून घेतली तर धातूच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा धरून पैसे द्यायचे असतात. वितळवून यापेक्षा जास्त काय मिळणार? नाणी सापडली की सरकार शेत काढून घेतं, ही भीती मात्र मी गावोगाव ऐकली आहे, आणि तिच्यापायी किती हंडे पुन्हा मातीत गेले किंवा मुशीत गेले, त्याची गणती नाही. विहीर खणताना एक हंडा निघाला म्हणून या कायद्याने शेत जात नाही. हा कायदा त्या हंड्याचा आहे, जमिनीचा नाही.

राहिलं, ते ऐकून घेतील का? तुमच्याच जिल्ह्यातलं तेर पाहा. आपण तेरला ओळखतो गोरोबाकाकांचं गाव म्हणून. त्याच तेरचा उल्लेख पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वाटाड्या-पोथीत 'तगर' असा येतो : पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, तिथून माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जाई. तेरच्या मातीत मणी, मृण्मूर्ती, नाणी, शंखाच्या बांगड्या निघतच राहिल्या. पावसाने ढिगारा धुतला की वस्तू वर येतात, तिथल्या पोरांना हे शाळेत जायच्या आधी कळतं. रामलिंगप्पा लामतुरे या तिथल्याच रहिवाशाने त्या वर्षानुवर्षं जमवल्या, जपल्या. आज तेरला राज्य शासनाचं संग्रहालय आहे ते त्यांच्या नावाने. तिथली हस्तिदंती बाहुली पाहा. वीतभरही नाही, पण इटलीतल्या पाँपेई शहरात राखेखाली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं नातं अभ्यासक जोडतात. शासनाच्या पाट्या आणि कपाटं नंतर आली. त्याआधी एका गावकऱ्याला वाटलं की हे फेकायचं नाही, म्हणून ती बाहुली आज कपाटात तरी आहे.

तेव्हा तहसीलची पोच हातात आली की एक दिवस तेरला जा. नाणी नेऊ नका, फोटो न्या. आणि मालकांना बरोबर न्या. घरच्या माणसाचं मत अशा वेळी बायकोच्या सांगण्याने बदलत नाही, काचेतलं शेजारच्या गावाचं नाव वाचून बदलतं.

प्रश्न : आई ८३ वर्षांची आहे, स्मृतिभ्रंश. मला कधी ताई म्हणते, कधी 'तुम्ही कोण'. ऐकलं की परदेशात संग्रहालयं अशा लोकांसाठी काही करतात. इथे काही आहे का? – ठाणे

इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या संग्रहालयांनी २०१२ पासून 'हाउस ऑफ मेमरीज' नावाचा उपक्रम चालवला आहे. विसरभोळेपणाच्या आजारात काळजी घेणाऱ्यांना ते शिकवतात, जुन्या वस्तू भरलेल्या सूटकेसा वृद्धाश्रमांना आणि घरांना वापरायला देतात. औषध म्हणून नाही. डॉक्टरांचे उपचार चालूच राहतात. एखादी दुपार दोघांची बरी जावी, एवढ्यासाठी. तुमच्या आईसाठी त्यांची वाट पाहायची गरज नाही. ती सूटकेस घरीच भरता येईल.

माझ्या आत्याचं सांगते. शेवटची तीन वर्षं ती अशीच होती. मी संग्रहालयातली, म्हणून मोठ्या हुशारीने तिच्यासमोर वस्तू मांडल्या आणि विचारलं, "आत्या, हे काय ओळख बघू?" ती रडायला लागली. माझी चूक लक्षात यायला दोन दिवस गेले. 'ओळख बघू' ही परीक्षा होती, आणि रोज नापास होऊन ती थकली होती. नंतर मी विचारणं सोडलं. नुसती सुपारी, अडकित्ता आणि परात पुढ्यात ठेवून शेजारी बसले. तिने अडकित्ता उचलला. सुपारी बोटांत फिरवून देठाची बाजू पाहिली आणि कातरायला लागली, कागदासारखी पातळ. माझं नाव तिला सांगता येत नव्हतं, पण हाताला कातरण पक्की आठवत होती. मधेच म्हणाली, "चिकणी नाही ही." खरंच नव्हती. मी घाईत भरडी आणली होती. बोट कापेल म्हणून मी मात्र सगळा वेळ श्वास धरून बसले होते. तुम्ही धारेची वस्तू देऊ नका. मेथीची जुडी द्या निवडायला, तांदूळ आणि सूप द्या, मापटं मिळालं तर मापटं द्या. आजचं ८३ वर्षांचं माणूस शेर-मापट्यात वाढलं, किलो त्यांच्या लहानपणी नव्हता. दशमान मापं यायला लागली १९५८ पासून. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे पाढ्यासारखं आत बसलेलं असतं. सुरुवात तुम्ही करा आणि मधेच थांबा. त्यांनी पुरं केलं तर केलं. नाही केलं तर तुम्ही पुरं करा आणि पुढचं घ्या.

ठाण्या-मुंबईतल्या संग्रहालयांना तुम्ही एक विचारू शकता : सकाळी उघडल्या उघडल्या, गर्दीच्या आधी, आईला चाकाच्या खुर्चीतून अर्धा तास आणू का? भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या मुंबईच्या माणसांच्या आणि धंद्यांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत. एकच दालन पाहा. पाट्या वाचून दाखवू नका. त्या बोलतील ते ऐका. घरी आल्यावर लिहून ठेवा.

प्रश्न : नाशिकचं जुनं घर पाडतोय. आजीची तांब्यापितळेची दोन पोती भांडी आहेत. दोन संग्रहालयांना फोन केला, दोघांनी नाही म्हटलं. मग तुमच्या 'समाजसेवे'चा उपयोग काय? – पुणे (मूळ नाशिक)

त्यांनी नाही म्हटलं ते बरोबर केलं. प्रत्येक संग्रहालयाच्या कोठारात पन्नास घंगाळं आणि शंभर तांबे आधीच आहेत. पुण्याच्या केळकर संग्रहालयाचं नाव तुम्हाला आठवलं असेल. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभं केलं. गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वजऱ्या जमवल्या आणि १९६२ मध्ये तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. पण त्यांनीही दिसेल ते उचललं नाही, निवडून घेतलं. पोती कुणीच घेत नाही.

दोन पोत्यांतून एक भांडं काढा. ज्याच्यावर नाव कोरलंय, किंवा पोचा आलाय आणि तो कसा आला हे घरात अजून कुणाला तरी माहीत आहे, असं. ती हकिगत कागदावर लिहा, आजीचा फोटो जोडा आणि मग फोन करा. उरलेली भावंडांत वाटा. मोडीत घालायची असतील तर घाला, मी काही बोलणार नाही. माझ्या आईचा बंब मीच मोडीत घातलाय.

आता माझा एक प्रश्न तुम्हा सगळ्यांना. माझ्या निवृत्तीच्या दिवशी संग्रहालयात एकाच वस्तूची पाटी कोरी होती, आणि अजूनही कोरी आहे. शिसवी लाकूड, वीतभर लांब, अंगठ्याएवढं जाड. एका टोकाला आरपार भोक, दुसऱ्या टोकाला आडवी खाच, आणि मधे दोन बोटं बसतील एवढी झीज. सोलापूरच्या एका विणकराने सांगितलं मागाचं आहे, पण मागावर ते कुठे बसतं हे त्याला दाखवता आलं नाही. चर्मकार समाजातल्या एका आजोबांनी ते कानाजवळ नेलं, नखाने वाजवलं आणि "आमचं नाही" म्हणून परत दिलं. मासेमारीचं असेल अशी मला शंका आहे, कारण खाचेत काळपट डांबरासारखं काहीतरी आहे, पण वस्तू आली होती घाटावरच्या गावातून. तुमच्या घरात, परसात, कुणा म्हाताऱ्याच्या हातात असं काही पाहिलं असेल तर तुमच्याकडे त्याला काय म्हणतात ते मासिकाच्या पत्त्यावर कळवा. चित्र काढून पाठवलंत तर फार बरं.